‘डीनोटिफाय’ या क्रियापदाचा अर्थ आणि व्यवहार : सोलापूरच्या सेटलमेंटच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर ‘वि.जा. (अ)’ अशी एक नोंद असते. विद्यार्थी त्या नोंदीपुढे खूण करतो, कार्यालय प्रमाणपत्र तपासते आणि अर्ज पुढे जातो. ‘विमुक्त जाती’ या संज्ञेचे हे संक्षिप्त रूप ज्या इंग्रजी संज्ञेच्या जागी आले आहे, तिच्या मुळाशी ‘डीनोटिफाय’ हे क्रियापद आहे. काढून टाकण्याचा, मागे घेण्याचा अर्थ सांगणारे हे क्रियापद विसाव्या शतकाच्या मध्यावर लक्षावधी माणसांना लागू करण्यात आले. या क्रियापदाने नेमके काय काढले गेले आणि काय तसेच राहिले, हा प्रश्न भाषेचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. सोलापूर शहरात गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची एक मोठी वसाहत होती आणि त्या वसाहतीचे नाव शहराच्या बोलण्यात आजही टिकून आहे. त्यामुळे या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सोलापूर हे अत्यंत योग्य ठिकाण ठरते. प्रस्तुत लेखात या क्रियापदाची घडण, त्यामागील कायद्याचा इतिहास, सोलापूरच्या सेटलमेंटमधील त्याचा प्रत्यक्ष व्यवहार आणि मराठीने त्यासाठी निवडलेला शब्द यांचा क्रमाने परामर्श घेतला आहे.

काढण्याची दोन प्रकारची क्रियापदे

काढून टाकण्याचा अर्थ दाखविणाऱ्या क्रियापदांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात जे काढले जाते तेच क्रियापदाचे कर्म असते. ‘दगड हटविला’, ‘नाव वगळले’, ‘काटा उपटला’ या वाक्यांतील दगड, नाव आणि काटा जागेवरून जातात. दुसऱ्या वर्गात कर्म जागेवरच राहते. त्याच्यावरील किंवा त्याच्यातील दुसरे काहीतरी जाते. ‘संत्रे सोलले’ म्हटले की साल जाते, संत्रे उरते. ‘तांदूळ निवडले’ म्हटले की खडे जातात, तांदूळ उरतात. ‘घर झाडले’ म्हटले की केर जातो, घर उरते. ‘पुसणे’ हे क्रियापद दोन्ही वर्गांत वावरते. ‘अक्षर पुसले’ आणि ‘पाटी पुसली’ या दोन्ही वाक्यांत क्रिया एकच असते, पण कर्म निराळे असते.

‘डीनोटिफाय’ हे क्रियापद दुसऱ्या वर्गातील आहे. एखादी जमात डीनोटिफाय केली असे म्हणतात तेव्हा जमात जात नाही, तिच्यासंबंधीची अधिसूचना जाते. दुसऱ्या वर्गातील क्रियापदांत एक गृहीतक दडलेले असते. काढण्याजोगे होते ते निघून गेले आणि उरले ते स्वच्छ आहे, असे त्यात आपोआप मानले जाते. या गृहीतकाची इतिहासाशी पडताळणी करणे आवश्यक आहे.

या शब्दाच्या घडणीत आणखी एक अडचण आहे. सामान्य इंग्रजीत ‘नोटिफाय’ म्हणजे कळविणे. भारतातील प्रशासकीय इंग्रजीत त्याला ‘राजपत्रात अधिसूचना काढून जाहीर करणे’ असा विशेष अर्थ प्राप्त झाला. या विशेष अर्थामुळेच ‘डी’ हा उपसर्ग लावून त्याचे उलट रूप तयार करता आले. संपादनातून वगळलेली जमीन, दर्जा काढून घेतलेले वनक्षेत्र, रद्द झालेले विशेष आर्थिक क्षेत्र यांच्या बातम्यांत हे क्रियापद भारतीय इंग्रजीत नित्य वापरले जाते. मूळ अर्थाच्या दृष्टीने पाहता मात्र ही क्रिया अशक्य कोटीतील आहे. एखादी गोष्ट कळविल्यानंतर ती ‘न कळविलेली’ करता येत नाही. राजपत्रातील मजकूर मागे घेता येतो. ज्यांनी तो वाचला, ऐकला आणि त्याप्रमाणे वागण्याची सवय लावून घेतली, त्यांच्या मनातील समज त्याच लेखणीने मागे घेता येत नाही. जमिनीच्या बाबतीत हा फरक फारसा जाणवत नाही. माणसांच्या बाबतीत सारा प्रश्न या फरकातच सामावलेला आहे.

अधिसूचनेने काय लावले

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा संमत केला. जातीचा धंदा ज्याप्रमाणे बापाकडून मुलाकडे जातो त्याप्रमाणे काही जमातींत गुन्हाही वंशपरंपरेने चालतो, ही या कायद्यामागील धारणा होती. प्रारंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १८७६ मध्ये तो बंगालमध्ये नेण्यात आला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांसह संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थान त्याच्या कक्षेत आला. १९२४ मध्ये या विषयावरील तरतुदींचे एकत्रीकरण झाले.

या कायद्याचे सारे सामर्थ्य अधिसूचनेत एकवटलेले होते. एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग गुन्हेगारीला सरावलेला आहे असे सरकारला वाटल्यास राजपत्रातील अधिसूचनेद्वारे त्याला गुन्हेगार जमात घोषित करता येत असे. १८७१ च्या कायद्याने अशा अधिसूचनेच्या वैधतेची चौकशी करण्यास न्यायालयांना मनाई केली होती; अधिसूचना हाच निर्णायक पुरावा होता. सामान्य फौजदारी न्यायात आधी कृत्य, मग पुरावा आणि शेवटी दोष असा क्रम असतो. येथे तो उलटा झाला. दोष आधी जाहीर झाला, तोही एका व्यक्तीचा नव्हे तर जन्मलेल्या आणि जन्मणाऱ्या सर्वांचा.

अधिसूचनेमागोमाग नोंदवही आली. नोंदणी झालेल्या माणसाला ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, मुक्काम बदलायचा तर कळवावे लागे, बाहेर जायचे तर पास घ्यावा लागे. १९११ नंतर बोटांचे ठसे घेण्याची व्यवस्था झाली. जमातीला वसाहतीत नेऊन ठेवण्याचा आणि मुलांना आईबापांपासून वेगळे करून औद्योगिक किंवा सुधारगृहवजा शाळांत ठेवण्याचा अधिकारही सरकारकडे होता. १८७१ च्या कायद्यात जमातीला एका जागेवरून दुसरीकडे हलविण्यासाठी ‘रिमूव्ह’ हे क्रियापद योजलेले आढळते. काढण्याचे क्रियापद प्रथम माणसांना लागले आणि सुमारे आठ दशकांनी ते कागदाला लागले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मराठी भाषेतही अशा क्रियापदांचे ठसे जातिनामांत दिसतात. ‘उचलणे’ म्हणजे जागेवरून वर घेणे. त्याचाच दुसरा अर्थ गुपचूप लांबविणे. या दुसऱ्या अर्थावरून ‘उचल्या’ हा शब्द एका संपूर्ण समाजाला चिकटला. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले आणि १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘भामटा’ हे जातीचे नाव तर नित्याच्या मराठीत फसवणूक करणाऱ्याला उद्देशून सर्रास वापरले जाते. राजपत्रातील अधिसूचना मागे घेता येते. शब्दकोशातील अर्थ मागे घेणारे कोणतेही कार्यालय नाही.

सोलापूरचे सेटलमेंट

१९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात वसाहतींची योजना पद्धतशीरपणे राबविण्यात आली. ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याकडे या कामाची सूत्रे होती. विजापूर, गदग, हुबळी, सोलापूर अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. यांतील अनेक ठिकाणे निवडण्यामागे एक व्यवहार्य कारण होते. भटकंतीवर जगणाऱ्या लोकांना एका जागी बसवायचे तर त्यांना तेथे मजुरी मिळणे आवश्यक होते आणि मजुरी गिरण्यांत उपलब्ध होती. सोलापुरात १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची, म्हणजे पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गिरणीची, सुरुवात झाली होती. त्यानंतर लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्याही उभ्या राहिल्या. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला कामाची जागा हवी होती.

सोलापूरच्या वसाहतीचे व्यवस्थापन काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होते आणि तिला ‘उमेदपूर’ हे नाव देण्यात आले होते. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, कंजारभाट अशा निरनिराळ्या समाजांची कुटुंबे येथे आणून ठेवली गेली. त्यांच्या भाषा, दैवते आणि रोटीबेटीचे व्यवहार वेगवेगळे होते. अधिसूचना हाच त्यांच्यातील समान दुवा होता. तारेचे कुंपण, हजेरी, गिरणीतील पाळी आणि शाळा यांभोवती येथील दिनक्रम आखलेला होता. शिक्षण आणि नियमित मजुरी येथील अनेकांच्या वाट्याला प्रथमच आली, हे नाकारता येत नाही. परंतु कामावर न जाण्याचे, मजुरी न पटल्यास गाव सोडण्याचे स्वातंत्र्य त्यांना नव्हते. जो मजूर पळून जाऊ शकत नाही त्याचा गिरणीला होणारा उपयोग आणि त्याची होणारी ‘सुधारणा’ या दोन गोष्टी एकाच कुंपणात नांदत होत्या.

वर्तणूक समाधानकारक वाटलेल्या कुटुंबांना कुंपणाबाहेर, पण देखरेखीखालील वस्तीत राहण्याची परवानगी मिळे. अशा वस्तीला ‘फ्री कॉलनी’ म्हणत. सोलापूरच्या पत्त्यांत ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव आजही लिहिले जाते. एकाच पत्त्यात बंदिवासाचा आणि मुक्ततेचा असे दोन शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. शहरातील पत्रांवर, शिधापत्रिकांवर आणि शाळेच्या दाखल्यांवर हे नाव पिढ्यान्‌पिढ्या उमटत आले आहे. तेथे वाढलेल्या मुलाला पत्ता सांगताना आपला इतिहासही सांगावा लागतो, मग तो त्याला ठाऊक असो वा नसो.

निरसनाचे वर्ष आणि त्याआधीचे वर्ष

या कायद्याविरुद्धचा आक्षेप स्वातंत्र्यापूर्वीच प्रशासनापर्यंत पोहोचला होता. १९३७ मध्ये सत्तेवर आलेल्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या काळात कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या कायद्याच्या अंमलबजावणीची चौकशी केली. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये हा कायदा आपल्यापुरता संपुष्टात आणला. केंद्र सरकारने अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींनंतर १९५२ च्या निरसन अधिनियमाने ३१ ऑगस्ट १९५२ पासून हा कायदा देशभर रद्द झाला. हाच दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो.

येथे कालक्रमाकडे बारकाईने पाहणे उद्बोधक ठरते. मुंबई प्रांताने जुना कायदा १९४९ मध्ये काढला. पण सवयीच्या गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा नवा कायदा त्याआधीच, १९४७ मध्ये, केलेला होता. पुढे त्याची जागा मुंबई सवयीचे गुन्हेगार अधिनियम, १९५९ ने घेतली. जुनी वस्तू काढण्यापूर्वीच तिच्या जागी ठेवायची वस्तू तयार होती. सैद्धांतिकदृष्ट्या दोहोंत मोठे अंतर आहे. नव्या कायद्याचा आधार जमात हा नसून व्यक्ती हा आहे, आणि ठरावीक मुदतीत वारंवार झालेली शिक्षा ही त्याची अट आहे. जन्माच्या जागी वर्तन आले, ही सुधारणा निश्चितच महत्त्वाची होती. पण नोंदणी, हजेरी, हालचालींवर निर्बंध ही साधने ओळखीचीच राहिली. ती वापरणारे पोलीस ठाणे तेच होते आणि संशय कोणावर घ्यायचा याची शिकवणही जुन्याच नोंदवहीतून मिळालेली होती. जमातीचे नाव कायद्यातून गेले. ‘सराईत’ हा शब्द बातम्यांत आणि ठाण्यांत राहिला.

या शिकवणीचे परिणाम दीर्घकाळ दिसत राहिले. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या सबर समाजातील तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. या घटनेनंतर महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्या पुढाकाराने विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी देशपातळीवर प्रयत्न सुरू झाले. २००७ मध्ये वंशभेद निर्मूलनाविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीने सवयीच्या गुन्हेगारांविषयीचे कायदे रद्द करण्याची शिफारस भारताला केली. सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीवर आधारित कामाची विभागणी घटनाबाह्य ठरविली. तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा स्तंभ वगळण्याचा आदेश याच निकालात आहे. विमुक्त जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, अशी सूचनाही त्यात पोलिसांना देण्यात आली. कायदा रद्द झाल्यानंतर ७२ वर्षांनी न्यायालयाला नोंदवहीतील स्तंभ काढावयास सांगावे लागले. १९५२ मध्ये जे काढले गेले त्यात नोंदवहीची रचना आणि वहीवर विसंबणारी नजर यांचा समावेश नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

‘विमुक्त’ : मराठीची निवड

इंग्रजी संज्ञेचा शब्दशः अनुवाद करायचा तर ‘अधिसूचना मागे घेतलेली जमात’ असा काहीतरी शब्दप्रयोग झाला असता. कायद्याच्या मराठीत ‘निरसित करणे’, ‘वगळणे’, ‘विखंडित करणे’ असे पर्याय उपलब्ध होतेच. परंतु रूढ झाला तो ‘विमुक्त’. या निवडीने अर्थाचे केंद्रच बदलले. इंग्रजी शब्द कागदाचे काय झाले ते सांगतो; मराठी शब्द माणसाचे काय झाले ते सांगतो. इंग्रजी शब्दात काढलेली वस्तू कायम राहते, कारण ‘डीनोटिफाइड’ म्हणताच ही जमात पूर्वी अधिसूचित होती हे सांगून होते. मराठी शब्दातही मागील बंधनाची सूचना आहेच, पण त्याचा रोख पुढे, स्वातंत्र्याकडे आहे.

पंडित जवाहरलाल नेहरू यांनी सोलापूरला येऊन सेटलमेंटचे तारेचे कुंपण तोडल्याची आठवण भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत आवर्जून सांगितली जाते. निरनिराळ्या कथनांत तिचे तपशील निरनिराळे येतात. परंतु आठवण म्हणून तिचे मोल तपशिलांवर अवलंबून नाही. राजपत्रातील निरसनाची तारीख लोकांच्या स्मरणात एका दृश्याच्या रूपाने राहिली आणि त्या दृश्यात कागद नसून तार आहे. ज्यांनी कुंपणाआड आयुष्य काढले त्यांच्या दृष्टीने काढण्याजोगी वस्तू कोणती होती, याचे उत्तर या आठवणीत मिळते. ‘विमुक्त’ हा शब्द याच अनुभवाला जवळचा आहे.

तथापि, चांगला शब्द मिळाल्याने एक धोकाही संभवतो. शब्द पूर्णतेचा असला की काम पूर्ण झाल्याचा समज होतो. एका यादीतून नाव काढल्याने दुसऱ्या यादीत ते आपोआप जात नाही. महाराष्ट्र शासनाने १९६१ मध्ये विमुक्त जाती आणि भटक्या जमाती यांच्या याद्या निश्चित केल्या. बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, वडार, बंजारा, रामोशी, छप्परबंद इत्यादी १४ समाजांचा विमुक्त जातींत अंतर्भाव झाला आणि राज्यात त्यांना आज ३ टक्के आरक्षण आहे. परंतु राज्याच्या सीमेपलीकडे ही ओळख टिकत नाही. वडार आणि बंजारा समाज शेजारच्या कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतात. तेलंगणात बंजारा, म्हणजे लंबाडा, अनुसूचित जमातींत येतात. कैकाडी समाज विदर्भातील जिल्ह्यांत अनुसूचित जातींत आहे, तर सोलापूरसह उर्वरित महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत आहे. विजापूर आणि सोलापूर यांच्यामध्ये सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर असूनही एकाच समाजातील दोन नातेवाइकांच्या प्रमाणपत्रांवर दोन वेगवेगळे प्रवर्ग असू शकतात. जुन्या कायद्याने भिन्न समाजांना एका यादीत कोंबले. त्यानंतरच्या व्यवस्थेने एकेका समाजाला अनेक याद्यांत विखुरले. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्यानंतर दशकभराने सादर केलेल्या अहवालांत या समाजांच्या वर्गीकरणाचा आणि संरक्षणाचा प्रश्न पुन्हा मांडावा लागला, त्याचे हेही एक कारण आहे.

निष्कर्ष

‘डीनोटिफाय’ या क्रियापदाचा अर्थ कायद्याच्या दृष्टीने पूर्ण आणि निःसंदिग्ध आहे. अधिसूचना रद्द झाली की क्रिया संपते. व्यवहारात मात्र ही क्रिया अपुरी राहिली, कारण अधिसूचनेने केलेली कामे एकाहून अधिक होती. तिने एक कायदेशीर दर्जा दिला, एक नोंदवही सुरू केली, एक वसाहत वसविली, पोलिसांना संशयाची एक सवय लावली आणि समाजाला एक समज दिला. यांतील पहिल्या गोष्टीचे निरसन १९५२ मध्ये झाले. दुसरी नव्या कायद्याच्या आश्रयाने टिकली. तिसरी सोलापूरच्या पत्त्यांत नाव बनून राहिली. चौथी आणि पाचवी यांना कोणताही निरसन अधिनियम लागू होत नाही.

यावरून असे म्हणता येईल की, पाटी पुसणे आणि अक्षर पुसणे या दोन क्रिया येथे एक मानल्या गेल्या. राजपत्रातील अक्षर पुसले गेले. पाटी कोरी झाली असे गृहीत धरले गेले. ‘विमुक्त’ हा मराठी शब्द या गृहीतकाच्या पलीकडे जातो. तो झालेल्या गोष्टीचे वर्णन म्हणून अपुरा असला तरी व्हावयाच्या गोष्टीचे नाव म्हणून योग्य आहे. सोलापूर परिसरातील महाविद्यालयांत या समाजांतील विद्यार्थ्यांची तिसरी-चौथी पिढी शिकत आहे. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या नोंदी हजेरीच्या पुस्तकात होत्या. त्यांची स्वतःची नावेही हजेरीच्या पुस्तकातच आहेत, पण ते पुस्तक वर्गाचे आहे. वस्तीतील ज्येष्ठांच्या आठवणी आणि पुराभिलेखागारांतील वसाहतींची दप्तरे यांचा एकत्रित अभ्यास स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी हाती घेतल्यास, अधिसूचनेने लिहिलेल्या इतिहासाशेजारी त्या माणसांनी सांगितलेला इतिहास उभा राहू शकेल. मागे घेता न येणाऱ्या खबरेला उत्तर द्यावयाचे, तर ते दुसऱ्या, अधिक खऱ्या खबरेनेच देता येते.